शंभरांचा वर्ग आणि चौघांची चर्चा



शिक्षणसंस्थांच्या स्मरणिकेत गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापून येतात. ती पाहताना तुम्हा-आम्हा सर्वांनाच अभिमान वाटतो. कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाची आई शिवणकाम करते, आणि मुलगा किंवा मुलगी बारावीला पहिला वर्ग मिळवते. परंतु दोन वर्षांनी त्याच मुलांची चौकशी केली, तर पुष्कळदा उत्तर देताना पालकांची मान खाली जाते. "पहिल्याच वर्षी दोन विषय राहिले," असे कोणी सांगतो. "कॉलेज सोडले, आता मामांच्या दुकानावर बसतो," असे दुसरा सांगतो. शाळेत पहिला येणारा मुलगा महाविद्यालयाच्या पहिल्याच पायरीवर का अडखळतो?

या प्रश्नाची उत्तरे आपल्याकडे तयार असतात. मुलाचे मन अभ्यासावरून उडाले, शाळेत पाया कच्चा राहिला, घरात शिक्षणाचे वातावरण नाही, पैशांची ओढाताण आहे, अशी ही उत्तरे. आपण ती एकमेकांना ऐकवतो आणि निःश्वास सोडून मोकळे होतो. ती खरी आहेत की नाहीत, हे तपासण्याच्या भानगडीत आपण पडत नाही. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका विद्यापीठात नेमका हाच प्रश्न निर्माण झाला होता आणि तिथे एका तरुणाने ही उत्तरे तपासून पाहिली. त्याला जे आढळले ते आपल्या समाजातील प्रत्येक पालकाने ऐकण्याजोगे आहे. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. मात्र तिच्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाऊन एक गोष्ट पाहू. मोठा वर्ग आला कोठून?

मुस्तमली आणि मुईद

एका गुरूपुढे शेकडो विद्यार्थी ही आजची अडचण आहे असे आपल्याला वाटते. वस्तुतः ती फार जुनी आहे. मध्ययुगात बगदाद, दमास्कस, कैरो ही विद्येची मोठी केंद्रे होती. तेथे मशिदीच्या खांबाला टेकून उस्ताद बसत आणि त्यांच्यासमोर विद्यार्थ्यांचे कडे, म्हणजे हलका, जमत असे. नामवंत उस्तादांकडे इतकी गर्दी होई की मागच्या रांगांपर्यंत त्यांचा आवाज पोचत नसे. त्यासाठी एक माणूस नेमलेला असे. उस्तादांचे शब्द तो मोठ्याने पुन्हा उच्चारी. त्याला मुस्तमली म्हणत.

मदरशांत आणखी एक पद असे. ते होते मुईदाचे. मुईद म्हणजे पुन्हा सांगणारा. उस्तादांचा धडा संपला की मुईद विद्यार्थ्यांना घेऊन बसे, धड्याची उजळणी करून घेई आणि ज्याला जे कळले नसेल ते समजावून देई. दोघांचेही काम पुन्हा सांगण्याचे. पण मुस्तमली आवाज पोचवीत असे आणि मुईद अर्थ पोचवीत असे. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पुढचा सारा इतिहास या फरकाचाच आहे. आपल्या देशातील मदरशांत आजही तकरार नावाची प्रथा आढळते. धडा झाल्यावर विद्यार्थी लहान लहान घोळके करून बसतात, त्यांच्यातलाच एक जण धडा पुन्हा मांडतो आणि इतर त्याला अडवतात, प्रश्न विचारतात.

युरोपातील जुन्या विद्यापीठांतही अशीच दोन अंगे होती. छपाईपूर्वी ग्रंथ दुर्मिळ होते. म्हणून अध्यापक ग्रंथ वाचून त्यावर भाष्य करीत आणि विद्यार्थी ऐकत. 'लेक्चर' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच 'वाचन' असा आहे. त्याच्या जोडीला वादविवादाचे तास असत. तेथे विद्यार्थ्याला उभे राहून आपली बाजू मांडावी लागे.

पुढे ग्रंथ स्वस्त झाले, विद्यार्थी वाढले आणि व्याख्यान तेवढे उरले. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे त्यांचे आरंभीचे मुख्य काम होते. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांकडे होते. परीक्षा दूरच्या विद्यापीठाची असल्यामुळे प्राध्यापकांनी टिपणे सांगावीत आणि विद्यार्थ्यांनी ती उतरवून घ्यावीत, हा आपल्याकडचा शिरस्ताच पडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगभर विद्यापीठांचे दरवाजे सामान्य माणसाला खुले होऊ लागले. अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. कॅलिफोर्निया राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाचा मोठा आराखडा तयार केला. गरिबांची मुले विद्यापीठात आली ही फार चांगली गोष्ट झाली. पण पहिल्या वर्षाच्या गणित-विज्ञानाच्या व्याख्यानाला एका सभागृहात शेकडो मुले बसू लागली. ध्वनिवर्धक आला, म्हणजे मुस्तमलीची सोय झाली. मुईद मात्र मागे राहिला. मोठी विद्यापीठे विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडून त्या सहायक शिक्षकांकडे सोपवीत, परंतु अशा तासांनाही बहुधा सहायक फळ्यावर उदाहरणे सोडवी आणि मुले ती उतरवून घेत.

बर्कलेमधील शोध

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील गणित विभागात १९७० च्या दशकाच्या मध्यास उरी ट्राइसमन नावाचा तरुण संशोधन करीत होता आणि सहायक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम पाहत होता. पहिल्या वर्षाला कॅल्क्युलस म्हणजे कलनशास्त्र हा विषय असे. इंजिनियर, डॉक्टर किंवा वैज्ञानिक व्हायचे असेल तर तो पार करावाच लागे. सहायक शिक्षकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार पुढे येई. कृष्णवर्णीय विद्यार्थी या विषयात मोठ्या प्रमाणावर मागे पडत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी बहुधा उत्तम गुण मिळवत.

ट्राइसमनने प्राध्यापकांना याचे कारण विचारले. उत्तरे आली ती आपल्या ओळखीचीच होती. या मुलांत जिद्द कमी आहे. त्यांची शालेय तयारी अपुरी आहे. घरी शिक्षणाला पाठबळ नाही. आणि गरिबी आहे. विचारणारे लोक दुष्ट नव्हते आणि उत्तर देणारेही नव्हते. त्यांना ते मनापासून खरे वाटत होते.

मग त्याने २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते अभ्यास कसा करतात हे प्रत्यक्ष पाहायचे ठरवले. तो त्यांच्या खोल्यांवर गेला, त्यांच्या कुटुंबांना भेटला, त्यांच्यासोबत कित्येक महिने वावरला. हळूहळू चारही समजुती ढासळू लागल्या.

जिद्द कमी म्हणावी, तर ही मुले आपापल्या शाळांतून पहिली आलेली, आपल्या वस्तीचा अभिमान असलेली होती. अनेक अडथळे ओलांडून ती इथवर पोचली होती. तयारी अपुरी म्हणावी, तर प्रवेश परीक्षेत चांगले गुण मिळवलेली मुलेही नापास होत होती. घरचे पाठबळ नाही म्हणावे, तर मुलाने विद्यापीठात जावे यासाठी आईबापांनी वर्षानुवर्षे झीज सोसलेली होती. आणि गरिबी म्हणावी, तर बऱ्या स्थितीतल्या नोकरदार घरांतील मुलांचीही तीच गत होती.

मग फरक होता तरी कोठे?

कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनत करीत होते. वर्गातल्या दर तासामागे दोन तास घरी अभ्यास करावा असे त्यांना सांगितले होते. आठवड्याला व्याख्यानांचे चार तास असत, म्हणून ते प्रामाणिकपणे आठ तास अभ्यास करीत. नेमून दिलेली उदाहरणे सोडवीत. पण हे सारे ते एकटे करीत. विसांपैकी अठरा जण एकटेच अभ्यास करणारे निघाले. मित्र होते, पण ते गप्पांसाठी. अभ्यास ही खोलीचे दार लावून करायची गोष्ट होती. शाळेत याच सवयीने त्यांना तारले होते. आजूबाजूच्या मुलांपासून अलिप्त राहिले म्हणूनच ते पुढे आले होते. आता तीच सवय त्यांना बुडवत होती. उदाहरण चुकले तर दोष गणिताच्या पद्धतीत आहे, आकडेमोडीत आहे की आपल्या डोक्यात आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. परीक्षेत कमी गुण मिळाले की आपणच कमी पडलो असे त्यांना वाटे आणि ते मूकपणे मागे हटत.

चिनी वंशाचे विद्यार्थी आठवड्याला सुमारे चौदा तास अभ्यास करीत. त्यांतले आठ ते दहा तास तेही एकटेच बसत. मात्र संध्याकाळी ते एकत्र जमत. कधी मिळून स्वयंपाक करीत, जेवत आणि मग वह्या उघडत. चौघांचे उत्तर एक आणि पाचव्याचे निराळे आले, तर पाचव्याला आपली चूक तिथल्या तिथे कळे. पाचही जणांची उत्तरे निराळी आली, तर प्रश्नच अवघड आहे हे सर्वांना कळे आणि कोणीही स्वतःला मूर्ख समजत नसे. ते एकमेकांच्या उत्तरांतील इंग्रजी सुधारीत. एखादा मोठा भाऊ किंवा चुलतभाऊ येऊन त्यांची परीक्षा घेई. ग्रंथालयातल्या जुन्या प्रश्नपत्रिका ते आणून सोडवीत. आपण वर्गात नेमके कोठे आहोत याची प्रत्येकाला जाणीव असे.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. यात वंशाचा, रक्ताचा किंवा बुद्धीचा प्रश्न कोठेही नाही. एका गटाजवळ चर्चेची सवय होती आणि दुसऱ्याजवळ नव्हती, एवढाच तो फरक. रक्त बदलता येत नाही, सवय बदलता येते. म्हणून हा शोध आशेचा आहे.

कच्च्यांचा वर्ग नव्हे

ट्राइसमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली बर्कले येथे गणिताची कार्यशाळा सुरू केली. तिच्या रचनेत एक मर्म होते. मागे पडणाऱ्या मुलांसाठी विद्यापीठात जादा शिकवणीची सोय आधीपासून होती, पण ही मुले तिकडे फिरकत नसत. आपल्या शाळेत तीच इतरांना शिकवीत आलेली होती. 'कच्च्यांच्या वर्गात' जाऊन बसणे त्यांच्या स्वाभिमानाला मानवणारे नव्हते.

म्हणून नव्या कार्यशाळेला कच्च्यांचा वर्ग म्हटलेच नाही. उत्तम गणित शिकू इच्छिणाऱ्यांचा हा वर्ग आहे, असे सांगून मुलांना बोलावण्यात आले. तिथे नेहमीच्या गृहपाठाहून अवघड उदाहरणे असलेले कागद वाटत. मुले लहान गटांत बसून ती सोडवीत आणि वाद घालीत. शिक्षक उत्तर सांगत नसे. तो गटागटांतून फिरे, ऐके आणि फार तर एखादा सूचक प्रश्न विचारी. कार्यशाळेत आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे नापास होण्याचे प्रमाण अगदी थोडे राहिले आणि पुष्कळ जण वरच्या श्रेणीत आले. हा नमुना पुढे अमेरिकेतील अनेक विद्यापीठांनी उचलला. टेक्सास विद्यापीठात १९८८ साली त्याच धर्तीची योजना सुरू झाली. ट्राइसमन यांना १९९२ साली मॅकआर्थर शिष्यवृत्ती हा मोठा सन्मान मिळाला आणि त्याच वर्षी त्यांनी ही सारी हकीकत एका गणितविषयक नियतकालिकात लिहून प्रसिद्ध केली.

सभागृहातच चर्चा

बर्कलेची कार्यशाळा व्याख्यानाच्या बाहेर चालत असे. प्रत्यक्ष व्याख्यानाच्या सभागृहात, दोन-अडीचशे मुले समोर असताना, चर्चा घडवता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर हार्वर्ड विद्यापीठातून आले.

एरिक मझूर हे मूळचे हॉलंडचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी १९८४ साली हार्वर्डमध्ये शिकवायला सुरुवात केली. व्याख्याने उत्तम होत, विद्यार्थी खूश असत, परीक्षांचे निकालही चांगले लागत. आपण आदर्श शिक्षक आहोत असा त्यांचा समज झाला होता आणि तसा तो होण्यासारखाच होता. सुमारे १९९० साली ॲरिझोना राज्य विद्यापीठातील हॅलून आणि हेस्टेनिस या दोघांचे लेख त्यांच्या वाचनात आले. विद्यार्थी गणिते बिनचूक सोडवतात, पण गतीच्या नियमांविषयी त्यांच्या मनातल्या चुकीच्या कल्पना जशाच्या तशा राहतात, असे त्या दोघांनी १९८५ मध्ये दाखवून दिले होते.

"माझे विद्यार्थी असे नसतील," असे वाटून मझूर यांनी तीच चाचणी आपल्या वर्गात घेतली. तिच्यातला एक प्रश्न साधा होता. अवजड ट्रक आणि छोटी मोटार यांची टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावतो? न्यूटनचा तिसरा नियम मुलांना तोंडपाठ होता. तरीही ट्रक अधिक बल लावतो असे अनेकांचे मत पडले. वास्तविक दोन्ही बले सारखीच असतात. हा प्रश्न तुमच्या घरातील शास्त्र शाखेच्या मुलाला आज रात्री विचारून पाहा. एका विद्यार्थिनीने तर मझूर यांनाच विचारले की, उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मला खरे जे वाटते त्याप्रमाणे लिहू? त्या एका प्रश्नात साऱ्या व्याख्यानपद्धतीची परीक्षा झाली. शिकवलेले ज्ञान वहीत एका बाजूला पडून होते आणि मनातली समजूत दुसऱ्या बाजूला तशीच होती.

चाचणीनंतर मझूर यांनी वर्गात एक मुद्दा समजावला. मुलांचे चेहरे कोरे. पुन्हा निराळ्या रीतीने समजावला. तरी कोरे. शेवटी हात टेकून ते म्हणाले, आता आपापसांत बोलून पाहा. सभागृहात एकच गलका झाला आणि काही मिनिटांतच मुलांना तो मुद्दा उमगला. असे का व्हावे? ज्याला ती गोष्ट नुकतीच कळलेली असते, त्याला ती न कळण्यातली अडचण ताजी आठवत असते. पंचवीस वर्षे शिकवणारा प्राध्यापक ती अडचण केव्हाच विसरलेला असतो. जुन्या मदरशातला मुईद असा शेजारच्या बाकावरच सापडला.

१९९१ पासून मझूर यांनी याचीच पद्धत बनवली. ती थोडक्यात अशी. एका मुद्द्यावर थोडा वेळ बोलायचे. मग विचार करायला लावणारा एक प्रश्न द्यायचा आणि त्याची तीन-चार पर्यायी उत्तरे. प्रथम प्रत्येकाने मुकाट्याने, एकट्याने विचार करून आपले उत्तर ठरवायचे आणि हात वर करून किंवा कागद दाखवून ते कळवायचे. वर्गाचे मत विभागलेले दिसले, तर शेजाऱ्यांशी दोन-चार मिनिटे चर्चा करायची आणि आपले उत्तर त्याला पटवायचा प्रयत्न करायचा. नंतर पुन्हा उत्तर विचारायचे आणि शेवटी शिक्षकाने स्पष्टीकरण द्यायचे. गतीविषयक त्या चाचणीत वर्षअखेर मुलांची जी प्रगती व्याख्यानांनी होत असे, ती या पद्धतीच्या पहिल्याच वर्षी दुपटीने वाढली. १९९७ साली मझूर यांनी या पद्धतीवर पुस्तक लिहिले आणि ती अनेक देशांत पसरली.

शंका आणि त्यांची उत्तरे

तुमच्या मनात शंका येतील आणि त्या आल्याच पाहिजेत. पहिली शंका अशी की, ज्याला येत नाही त्याने दुसऱ्या न येणाऱ्याला शिकवायचे, म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्यासारखे नाही काय? किंवा गटातल्या हुशार मुलाचे उत्तर बाकीचे उचलत नसतील कशावरून? अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात आनुवंशिकीच्या एका मोठ्या वर्गात हे तपासले गेले आणि त्याचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. चर्चा झाल्यावर मुलांना त्याच तत्त्वावरचा, पण नवा प्रश्न दिला आणि तो प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा होता. उत्तर नुसते उचलले असते, तर इथे ते उघडे पडले असते. प्रत्यक्षात मुलांची उत्तरे सुधारली. ज्या गटांत आधी कोणालाच उत्तर येत नसावे, त्यांतल्या मुलांनाही लाभ झाला.

दुसरी शंका अशी की, अनुभवी प्राध्यापकाचे व्याख्यान सोडून गलका कशाला? कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्रत्येकी अडीचशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांची तुलना झाली. एकीला अनुभवी आणि लोकप्रिय प्राध्यापकाने एक आठवडा व्याख्याने दिली. दुसरीला तेवढाच वेळ, तोच भाग, अध्यापनाचा फारसा अनुभव नसलेल्या शिक्षकाने प्रश्न आणि गटचर्चा यांच्या साहाय्याने शिकवला. नंतरच्या चाचणीत पहिल्या तुकडीची सरासरी ४१ टक्के आली आणि दुसरीची ७४ टक्के. हा प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला.

एका आठवड्यावरून निष्कर्ष काढू नये हे खरे. पण २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतील २२५ अभ्यासांचा एकत्रित विचार झाला. केवळ व्याख्यानांनी शिकवलेल्या वर्गांत सरासरी सुमारे ३४ टक्के विद्यार्थी नापास होत. मुलांना स्वतः विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत हे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. २०२० सालच्या दुसऱ्या एका एकत्रित अभ्यासात याहून महत्त्वाची गोष्ट दिसली. अशा वर्गांत अल्पसंख्य गटांतील आणि कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांचे परीक्षेतील मागासलेपण सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले. म्हणजे या पद्धतीचा लाभ सर्वांनाच होतो, पण ज्यांच्या घरी विचारायला कोणी नाही त्यांना तो अधिक होतो.

तिसरी शंका विद्यार्थ्यांचीच असते. "सरांनी समजावले की नीट कळते, चर्चेत नुसता गोंधळ होतो." हार्वर्डमध्येच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, चर्चेच्या वर्गातली मुले अधिक शिकली होती, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. छान व्याख्यान ऐकताना सगळे सोपे वाटते, कारण कष्ट व्याख्याता करीत असतो. चर्चेत कष्ट आपल्याला पडतात, म्हणून ती जड जाते. आखाड्याबाहेर बसून कुस्ती पाहणाऱ्याला डाव सोपाच दिसतो.

आपण काय करावे?

माझ्या स्वतःच्या विद्यार्थिदशेतील एक आठवण सांगतो. शाळा मराठी माध्यमाची. महाविद्यालयात पहिल्या दिवशी शंभराहून अधिक मुले आणि सारे इंग्रजीत. प्राध्यापक चांगले होते. "काही शंका?" असे ते प्रत्येक तासाच्या शेवटी विचारीत. वर्गात शांतता पसरे. मला चार शंका असत, पण इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत घंटा होई. मला वाटे, सगळ्यांना कळले, मी एकटाच ढ. पुढे वर्षाच्या शेवटी कळले की माझ्या बाकावरच्या तिघांनाही तसेच वाटत होते. चौघे शेजारी बसून वर्षभर आपापल्या जागी एकटे होतो. त्या चौघांतला एक पुढच्या वर्षी वर्गात दिसला नाही. आजही मला वाटते, त्याला कोणी फक्त म्हणायला हवे होते, "अरे, मलाही कळले नाही, चल, मिळून बघू."

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. "दार लाव आणि अभ्यास कर," एवढेच सांगून थांबू नका. मुलाचे दोन-तीन अभ्यासू वर्गमित्र घरी येत असतील तर त्यांना बसायला जागा द्या, चहा द्या. त्यांचा आवाज वाढला तर लगेच रागावू नका, आधी कान देऊन ऐका. वाद क्रिकेटचा असेल तर जरूर रागवा, गणिताचा असेल तर चालू द्या. मुलींच्या बाबतीत हे विशेष सांगावेसे वाटते. मुलगे कोपऱ्यावर, कट्ट्यावर कोठेतरी भेटतात. मुलगी कॉलेज सुटल्यावर थेट घरी येते आणि तिची शंका तिच्यासोबत घरी येते. तिच्या मैत्रिणींना आळीपाळीने एकमेकींच्या घरी जमू द्या. शिक्षणसंस्थांनी शाळेचा एखादा वर्ग संध्याकाळी दोन तास, दिव्यांची आणि एका जबाबदार शिक्षिकेची सोय करून उघडा ठेवला, तर त्याला नवी इमारत लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही एक इशारा. बर्कलेची ती यशस्वी मुले एकत्र जमण्यापूर्वी आठ-दहा तास एकटी बसत होती, हे विसरू नका. कोरी वही घेऊन गटात जाणारा मुलगा चर्चा करीत नाही, तो उतरवून घेतो. आधी स्वतः झुंजा, अडलेली जागा खुणेने दाखवा, मग गटात या. गट तीन ते पाच जणांचा असावा. जुन्या प्रश्नपत्रिका आणा. उत्तर सांगण्याऐवजी ते कसे आले हे सांगा. इंग्रजी अडत असेल तर आधी आपल्या भाषेत समजून घ्या आणि मग एकमेकांची इंग्रजी वाक्ये दुरुस्त करा. जो सर्वांत कमी बोलतो त्याला दर वेळी एक उदाहरण समजावून सांगायला लावा.

आणि माझ्या शिक्षक बांधवांना एवढेच सांगेन की, यासाठी वर्ग लहान होण्याची वाट पाहू नका. १२० मुलांचा वर्ग म्हणजे चौघांचे ३० गट. पहिल्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून बसले की एक गट झाला. महाग यंत्रे नकोत. उत्तराचा क्रमांक छातीजवळ बोटांनी दाखवला तरी पुरे, म्हणजे शेजाऱ्याचे पाहून बोटे वर होत नाहीत. तासात एक प्रश्न आणि तीन मिनिटे, इथून सुरुवात करता येईल. प्रश्न मात्र असा हवा की पुस्तकात पाहून त्याचे उत्तर सापडू नये. "नियम सांगा" या प्रश्नावर चर्चा होत नाही. ट्रक आणि मोटार यांच्या प्रश्नावर ती होते. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती खोटी नाही. पण फळ्यावर पूर्ण झालेला अभ्यासक्रम मुलांच्या डोक्यात पूर्ण झाला आहे काय, हाही प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

बर्कलेच्या त्या वीस मुलांच्या पालकांनीही आपल्यासारखीच स्वप्ने पाहिली होती. त्यांची मुले आळशी नव्हती, मंद नव्हती. ती एकटी पडली होती. आपल्या मुलांविषयी निर्णय देण्यापूर्वी आपणही तेवढे तपासून पाहू. पुढच्या वर्षी स्मरणिकेत छायाचित्रे छापून येतील, तेव्हा त्यांतील प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारा: "अभ्यासाला तुझ्यासोबत कोण बसते?" "कोणी नाही," असे उत्तर आले, तर त्याला बक्षिसाबरोबर दोन सोबतीही मिळवून द्या.